कुंडीतली शेवंती बुटकी आणि भरगच्च कशी ठेवायची

हातभर उंच झालेली शेवंती टेम्पोतच आडवी होते आणि गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून आमच्या नर्सरीत आम्ही वाढ रोखणारं औषध वापरतो. पण हे औषध झाड बुटकं करत नाही, फक्त पुढची वाढ आवरतं. वाढलेलं खोड पुन्हा आखडत नाही. सगळा खेळ वेळेचा आहे.

झाडात जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, त्यानं पेरं लांबतात. द्राक्षवाले घड लांबवायला जीए मारतात, ते हेच. आमचं औषध म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल (आंबेवाल्यांचं कल्टार), ते जिबरेलिन बनूच देत नाही. पेरं आखूड राहतात, पानं गर्द हिरवी होतात.

शेंडा खुडल्यावर फुटवे इंच-दीड इंचाचे झाले की पहिली फवारणी घ्या. मी 30 पीपीएमनं सुरुवात करते, म्हणजे लिटरला 30 मिलिग्रॅम, 10 लिटरला 300. कल्टार 23 टक्क्यांचं असतं, 1 मिलीत साधारण 230 मिलिग्रॅम. म्हणजे 10 लिटरला 1.3 मिली. हे झाकणानं मोजायचं काम नाही, सुईची सिरिंज घ्या. हातमोजे आणि मास्क घालाच.

आता नोझल कुठे धरायचं? कल्टार खोडातून आणि मुळांतून शिरतं आणि वरच्या दिशेनं जातं. पानावर पडलेलं पानातच अडकतं. म्हणून खोडं ओली झाली पाहिजेत. ओघळून कुंडीत उतरलेलं औषधही काम करतं, त्यामुळे प्रत्येक कुंडीला औषधाचं पाणी सारखंच मिळू द्या, नाहीतर एक रांग गुडघ्याला आणि दुसरी घोट्याला. लिहोसीन (क्लोरमेक्वाट, वाढ रोखणारं दुसरं औषध) वापरत असाल तर त्याचं उलट आहे, ते पानांवर बसलं पाहिजे, आणि डोस चढला की पानांच्या कडा पिवळ्या पडतात. दोन्ही संध्याकाळी मारा, झाडं सुकलेली असताना नको.

नवीन जात असेल तर आधी चार-पाच कुंड्यांवर बघा, जातीजातीत फार फरक पडतो. उंची कुंडीच्या दीडपट ते दुप्पट झाली की थांबा. कळ्या दिसायला लागल्यावर मात्र हात लावू नका, फुलं लहान येतात आणि उशिराही. शेडनेट दाट असेल किंवा कुंड्या एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर आधी ते सुधारा. उजेडासाठी धडपडणाऱ्या झाडावर औषधाचे पैसे घालवण्यात अर्थ नाही.

कल्टार मातीत बराच काळ टिकतं. त्या कुंडीतली माती रोपांच्या ट्रेला किंवा भाजीला वापरू नका.