मॉड्यूलर रिसीव्हर-डिकोडर निवडताना आणि बसवताना

मॉड्यूलर रिसीव्हर-डिकोडर म्हणजे रॅकमध्ये बसणारी अशी पेटी, जिच्यात सिग्नल घेणारी, तो उलगडणारी आणि पुढे देणारी कार्डे गरजेप्रमाणे घालता व काढता येतात. कोल्हापुरात केबलचा हेडएंड, म्हणजे सिग्नल गोळा करून केबलवर सोडणारे केंद्र, चालवणारे किंवा हॉटेलात स्वतःची टीव्ही यंत्रणा बसवणारे अनेकजण खरेदीच्या वेळी आधी आउटपुटची यादी पाहतात. माझ्या मते पाहणीची सुरुवात इनपुटपासून व्हावी, कारण आत आलेला सिग्नलच कच्चा असेल तर पुढचे कितीही महाग कार्ड तो सुधारू शकत नाही.

उपग्रहाचे कार्ड डीव्हीबी-एस आणि डीव्हीबी-एस२ हे उपग्रह प्रक्षेपणाचे दोन्ही प्रकार घेणारे असावे. डिशच्या तोंडाशी बसून उपग्रहाचा सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणाऱ्या एलएनबीकडून त्याला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळतो, म्हणून कार्डाच्या सेटिंगमध्ये एलएनबीची लोकल ऑसिलेटर फ्रिक्वेन्सी अचूक भरावी लागते. सी-बँडच्या (कमी फ्रिक्वेन्सीच्या उपग्रह पट्ट्याच्या) एलएनबीला ती साधारणपणे ५१५० मेगाहर्ट्झ असते, आणि तिच्यातला व उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीतला फरक कार्डाला मिळतो. म्हणजे ३८४० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपाँडर (उपग्रहावरील प्रक्षेपणाचा एक पट्टा) कार्डापर्यंत १३१० वर पोहोचतो. कू-बँडच्या (जास्त फ्रिक्वेन्सीच्या उपग्रह पट्ट्याच्या) युनिव्हर्सल एलएनबीला खालच्या पट्ट्यासाठी ९७५० आणि वरच्यासाठी १०६०० भरावे, व वरच्या पट्ट्यासाठी २२ किलोहर्ट्झचा टोन चालू करावा. उभ्या पोलरायझेशनला (लहरींच्या कंपनाच्या दिशेला) १३ व्होल्ट आणि आडव्याला १८ व्होल्ट लागतात.

हे व्होल्टेज कार्डच देत असल्याने एकाच एलएनबीवरून स्प्लिटर लावून दोन कार्डे चालवताना फार जपावे लागते. एकदा मी दोन्ही कार्डांची एलएनबी पॉवर चालू ठेवली होती. एकाला उभे पोलरायझेशन हवे होते, दुसऱ्याला आडवे, आणि स्प्लिटर दोन्ही बाजूंनी वीज पुढे जाऊ देणारा होता. चॅनेल कधी दिसत, कधी जात, आणि दोष शोधण्यात अख्खा दिवस गेला. तेव्हापासून पॉवर एकाच कार्डावरून द्यायची, दुसऱ्याची बंद ठेवायची, आणि दोन्ही कार्डांवर एकाच पोलरायझेशनचे चॅनेल घ्यायचे, हा नियम मी पाळतो.

डिश लावताना कोल्हापूरचे कोन हाताशी असावेत. डीडी फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. त्यासाठी खऱ्या उत्तरेपासून सुमारे १२९ अंशांवर, म्हणजे आग्नेयेकडे, तोंड करून डिशचा रोख क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर ठेवावा. ८३ अंश पूर्वेच्या जीसॅट-३० साठी हेच आकडे सुमारे १५२ आणि ६८ आहेत.

सी-बँडवाल्यांनी आणखी एक गोष्ट मनावर घ्यावी. २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलला गेला, तर जुने सी-बँड एलएनबी ३४०० पासूनच ऐकू लागतात. जवळच्या टॉवरचा ५जी सिग्नल आत शिरला की एलएनबी त्यानेच भरून जातो. रिसीव्हरवर सिग्नलची ताकद भरपूर दिसते, मात्र एमईआर, म्हणजे सिग्नलच्या शुद्धतेचा आकडा, घसरतो आणि चित्राचे चौकोन होतात. यावर बँडपास फिल्टर (ठरावीक पट्टाच पुढे सोडणारा) लावावा, पण तो फीडहॉर्न (डिशवरून आलेला सिग्नल गोळा करणारे तोंड) आणि एलएनबी यांच्यामध्येच. एलएनबीनंतर केबलमध्ये लावलेला फिल्टर उपयोगी पडत नाही, कारण बिघाड त्याआधीच होऊन गेलेला असतो.

जमिनीवरच्या टॉवरवरून होणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-टी२ कार्ड मिळते. दूरदर्शनने जुने ॲनालॉग प्रक्षेपक बहुतांशी बंद केले आहेत, म्हणून आधी गच्चीवर अँटेना धरून मीटरवर सिग्नल पाहावा आणि तो मिळाला तरच कार्ड मागवावे. तोवर स्लॉट रिकामा राहिला तरी बिघडत नाही. मॉड्यूलर पेटीचा खरा फायदा मला इथेच दिसतो.

सशुल्क वाहिन्यांसाठी कॉमन इंटरफेसचा स्लॉट लागतो. त्यात घातलेले कॅम (सशुल्क वाहिन्यांचे कुलूप उघडणारे मॉड्यूल) एका वेळी किती वाहिन्या उघडते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. थेट प्रक्षेपणाचे फीड घ्यायचे असल्यास बिस की, म्हणजे असे फीड उघडणारा संकेतांक, भरण्याची सोय पाहावी. एचईव्हीसी (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) डिकोडिंगला काही कंपन्या वेगळा परवाना आकारतात, तो खर्च कोटेशनमध्येच मागावा.

सिग्नल पुढे मल्टिप्लेक्सरला (अनेक चॅनेल एकत्र बांधणाऱ्या यंत्राला) जाणार असेल तर चित्र उलगडण्याची गरजच नसते. न उलगडलेला प्रवाह केबलवरून देणारे एएसआय किंवा नेटवर्कवरून देणारे आयपी आउटपुट पुरते. स्टुडिओत चित्र हवे असेल तरच उलगडलेले चित्र देणाऱ्या एसडीआय कार्डावर पैसे घालावेत. आयपीवर १८८ बाइटची ७ पॅकेट मिळून १३१६ बाइटचा एक गठ्ठा जातो आणि तो मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेकांना) पाठवतात, म्हणून स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मागणी असलेल्या पोर्टवरच चॅनेल सोडण्याची सोय) चालू असलेच पाहिजे. नाहीतर सगळे चॅनेल प्रत्येक पोर्टवर जाऊन जाळे तुंबते. पेटीच्या सेटिंगसाठीचा पोर्ट या जाळ्यापासून वेगळा ठेवावा. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्हींच्या वायरी एकाच यूपीएसला लावू नयेत.

मे महिन्यात, कोरड्या दिवशी, प्रत्येक कार्डाचा एमईआर वहीत लिहून ठेवावा. जुलैच्या मुसळधार पावसात कू-बँडचा आकडा उतरतो, ते स्वाभाविक आहे. पण उघडीप पडल्यावरही तो मूळ जागी येत नसेल, तर गच्चीवर जाऊन एलएनबीचा एफ-कनेक्टर उघडावा. मधली तांब्याची तार काळी किंवा हिरवट झालेली दिसली, तर केबलमध्ये पाणी शिरले आहे असे समजावे. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवावा, त्यावर रबरी टेप गुंडाळावी आणि केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोळाच्या तळाशी निथळते.