मोहंडच्या घाटात हिमालयाचा गाळ कसा वाचायचा

डेहराडूनला जाताय ना, मग सहारनपूरकडून मोहंडच्या रस्त्याने जा, आणि जमलं तर पाऊस संपल्यावर, कारण पावसाळ्यात दरडी पडतात. ही शिवालिकची टेकडी म्हणजे हिमालय वर उचलत असताना नद्यांनी झिजवून पायथ्याशी आणून टाकलेला गाळ. डोंगराच्या वजनाने पायथ्याची जमीन खाली वाकते, तिथे खळगा होतो आणि गाळ त्यात भरत जातो, गंगेचं मैदान आजही असंच भरतंय.

आधी मोहंडजवळ करडा वाळूचा दगड बघा. हात फिरवला की वाळू सुटते, अभ्रकाचे कण चमकतात. मग डेहराडूनकडे, म्हणजे उत्तरेकडे, वर चढत जा, थरही उत्तरेकडेच कललेत, त्यामुळे पुढे जाल तसे वरचे, नंतर साठलेले थर लागतात, म्हणजे तुम्ही जुन्याकडून नव्याकडे चाललाय, आणि हळूहळू वाळूत गोटे यायला लागतात, पुढे तर नुसते गोटेच, नारळाएवढे सुद्धा! हे सगळ्यात भारी आहे, कारण मोठे गोटे नदी फार लांब नेत नाही, म्हणजे डोंगर जवळ सरकत आला होता.

आता एक चपटा गोटा शोधा. शेजारच्यावर कौलासारखा रेललेला असेल, तर तो ज्या बाजूला उतरता आहे तिकडून पाणी यायचं. फक्त थर नंतर कललाय, तो कल वजा करायला विसरू नका, नाहीतर दिशा चुकते. हातोडी मात्र घरीच ठेवा, फोटोत स्केलसाठी पेन पुरतं.