बारीक भोकांचं साऊंड पॅनल लावताय? या चुका टाळा

पाच मिलिमीटर जाडीची, बारीक भोकांची शीट आणि म्हणे आवाज खाते, मग लोक ती आणतात, सिलिकॉन लावून थेट भिंतीला चिकटवतात आणि आठ दिवसांनी म्हणतात पैसे पाण्यात गेले. अहो, शीट हे अर्धंच सामान आहे, उरलेलं अर्धं म्हणजे तिच्या मागची हवा!

त्याचं असं आहे, भोकं एक मिलिमीटरहून बारीक असतात, आवाजामुळे हवा त्यातून आतबाहेर करते, कडांना घासते आणि त्या घासण्यात आवाज जिरतो, त्याची किंचित उष्णता होते. पण भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही, मग घासणार काय डोंबल? लाकडी पट्ट्या मारून निदान चार-पाच सेंटीमीटर गॅप सोडा. गॅप जास्त तितका खालच्या पट्टीतला, जाड आवाज पकडला जातो.

दुसरं म्हणजे घरीच ड्रिल घेऊन बसणं. तीन मिलिमीटरच्या भोकातून हवा आरामात ये-जा करते, घासत नाही. चीनचे ध्वनिशास्त्रज्ञ मा दा-यू यांनी १९७५ साली या बारीक भोकांच्या शीटचं गणित मांडलं, त्यात भोकांची जागा सगळ्या शीटच्या एखाद टक्काच असते, त्यामुळे ‘जास्त भोकं पाडू, जास्त फायदा’ हे चालत नाही.

चांगलं बसवलं तर काय होतं त्याचं उदाहरण बॉनचं. १९९२ मध्ये जर्मन संसदेचं नवं काचेचं सभागृह सुरू झालं आणि आवाजाचा असा गोंधळ झाला की खासदारांना परत जुन्या जागी जावं लागलं, शेवटी काचेसमोर बारीक भोकांच्या पारदर्शक ॲक्रिलिक शीट लावल्या. काच दिसतेच, घुमणं गेलं.

आणि हो, शेजाऱ्याचा मिक्सर याने थांबणार नाही, ही शीट खोलीतलं घुमणं कमी करते, भिंतीपलीकडचा आवाज अडवत नाही. डीजेच्या बासचं तर नावच नको, १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, चार-पाच सेंटीमीटरच्या गॅपला ती काय दाद देणार! पाकिटावरचा एनआरसी, म्हणजे शीट किती आवाज जिरवते ते सांगणारा आकडा बघून भुलू नका, तो २५० ते २००० हर्ट्झमधल्या चार आकड्यांची सरासरी आहे, बास त्यात धरलेलाच नसतो.

चिकटवून झालं असेल तर काढा, पट्ट्यांवर परत बसवा. रंग मारून भोकं बुजवली असतील तर मात्र सुईने टोकरत बसू नका, भोकं मोठी होतात, नवी शीटच आणा.