हायब्रिड घेतलीत? मग या चुका टाळा

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. ती सुरू झाली नाही की संशय लगेच मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीवर. गाडीत 12 व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

माझ्या मित्राची गाडी बरेच दिवस उभी होती. परत आला तर रिमोटने दार उघडेना, बटण दाबलं की डॅशबोर्डचे दिवे मिणमिणायचे, गाडी निघायला तयार असल्याचा 'रेडी' संदेश काही येईना. एका मेकॅनिकने गाडी न बघताच फोनवर निकाल दिला: हायब्रिड बॅटरी गेली. मित्र गाडी विकायला निघाला. मी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला, तर छोट्या बॅटरीत जेमतेम 9 व्होल्ट. गाडीतले कॉम्प्युटर आणि रिले (मोठी बॅटरी जोडणारे विजेचे स्विच) हिच्यावरच जागे होतात. ते जागे झाले नाहीत तर मोठी बॅटरी भरलेली असूनही जोडली जात नाही. छोटी चार्ज केली आणि गाडी निमूट निघाली. आधी तपासा, मग खर्चाचं बोला!

म्हणून 'रेडी' न करता गाणी ऐकत बसू नका, त्यात छोटी बॅटरी उतरते; 'रेडी'त ती चार्ज होते. गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास 'रेडी'त ठेवा, पण उघड्यावर. इंजिन मधेच आपोआप सुरू होतं, आणि बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. गाडी घरी ठेवून बरेच दिवस बाहेर जायचं असेल तर मी छोट्या बॅटरीला मेन्टेनन्स चार्जर, म्हणजे ती हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर, लावूनच निघतो.

दुसरी चीड आणणारी चूक: मागच्या सीटजवळची जाळी. बऱ्याच गाड्यांत मोठी बॅटरी थंड ठेवणारी हवा तिथूनच आत जाते. लोक तिच्यावर पिशव्या टेकवतात, नाहीतर सीट कव्हरने ती झाकून टाकतात. पंखा, फिल्टर धुळीने किंवा कुत्र्याच्या केसांनी तुंबला की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. गाडी धुतली की मी जाळीवर व्हॅक्युम फिरवतोच.

सिग्नलला न्यूट्रल टाकू नका, त्यात मोठी बॅटरी चार्ज होत नाही.

पहिल्याच आठवड्यात मायलेजवरून कुरकुर करणाऱ्यांना माझं एकच विचारणं असतं: रोजचा पल्ला किती? दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन गरम व्हायलाच पेट्रोल जातं. धीर धरा, कामं एका फेरीत उरका.

पेट्रोल संपलं तर बॅटरीवर रेटू नका. आणि मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, व्हिडिओ कितीही सोपा दिसला तरी.