मोटरसायकलची ट्राइक केल्यावर: चालवणं आणि निगा

दुचाकी वळणावर झुकते. झुकते म्हणूनच वळणाचा जोर चाकाच्या उभ्या रेषेत राहतो आणि आऱ्यांना, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला, बेअरिंगला बाजूने फारसं काही सोसावं लागत नाही. मागे दोन चाकं बसवून तिची ट्राइक केली की हे झुकणं संपतं. मग तोच जोर आडवा येतो: टायरच्या कडेवर, हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्या कोनसेटवर, चेसीच्या जोडांवर आणि तुमच्या खांद्यांवर. ट्राइकची निगा राखायची म्हणजे नेमकं काय बघायचं, याचं माझं उत्तर यातूनच निघतं. आडवा जोर जिथून जातो, तिथे आपला हात नियमित फिरला पाहिजे.

माझ्या डाव्या गुडघ्यात आता गाडीचं वजन तोलण्याइतकी ताकद नाही. गाडी सोडायची नव्हती, म्हणून इंजिन आणि पुढचा भाग तोच ठेवून मागचा भाग बदलून घेतला. चेनची गाडी, मागे अखंड ॲक्सल, मधे डिफरेन्शिअल (म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच), तिन्ही चाकांना ब्रेक. खाली सांगतो ते अशाच गाडीबद्दल आहे, म्हणजे पुढे एक आणि मागे दोन चाकं. पुढे दोन चाकं असलेल्या गाड्यांचा स्वभाव वेगळा असतो.

गाडी बदलून घेणार असाल किंवा कुणाची वापरलेली ट्राइक घेणार असाल, तर पहिला प्रश्न डिफरेन्शिअलचा विचारा. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतील, तर ती एकाच वेगाने फिरण्याचा हट्ट धरतात, गाडी सरळ रेटतात आणि पुढचा टायर घासत जातो. ओल्या रस्त्यावर अशी गाडी हँडल वळवूनही नाकासमोर जाते. हार्ले-डेव्हिडसनची तीनचाकी सर्व्हि-कार १९३२ ते १९७३ एवढा काळ बनत राहिली. तिच्या मागच्या ॲक्सलमध्येही डिफरेन्शिअल होता. आज तो न बसवता गाडी कुणी स्वस्तात करून देत असेल, तर घेऊ नका.

दुसरा प्रश्न पुढच्या फोर्कचा. कोनसेटची तिरकी रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे मिळते, ती जागा टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे येते. या अंतराला ट्रेल म्हणतात. बऱ्याच दुचाकींत ते १०० मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यामुळे चाक आपोआप सरळ होत राहतं आणि दुचाकीला तेच हवं असतं. ट्राइकमध्ये मात्र तुम्ही हँडल वळवून धरता आणि चाक सरळ व्हायला ओढत असतं. तासाभरात दंड भरून येतात. म्हणून चांगल्या किटमध्ये, म्हणजे ट्राइक करायला मिळणाऱ्या तयार भागांच्या संचात, फोर्क धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या प्लेट बदलून फोर्क ४ ते ६ अंश जास्त तिरका करतात. त्याने ट्रेल कमी होतो आणि हँडल हलकं होतं. यात एक फसगत होते. चेसीची मानच, म्हणजे कोनसेट बसतो तो भाग, कापून तिरकी केली, तर उलटा परिणाम होतो, ट्रेल वाढतो आणि हँडल आणखी जड होतं. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. म्हणून काय बदललं आहे ते प्लेटजवळ वाकून स्वतः बघा. आणि अशा बदललेल्या प्लेट ठेवून गाडी पुन्हा दोन चाकांवर कधीही आणू नका. इतक्या कमी ट्रेलची दुचाकी वेगात स्थिर राहत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: चाकांची संख्या बदलली की वाहनाचा प्रकार बदलतो. नोंदणी, विमा आणि चालवण्याचा परवाना या तिन्ही ठिकाणी काय करावं लागेल, हे काम सुरू करण्याआधीच लेखी विचारून घ्या.

आता चालवणं. दुचाकीवर डावीकडे वळायला आपण नकळत डावं हँडल पुढे ढकलतो, गाडी डावीकडे झुकते आणि वळते. ट्राइकवर डावं हँडल ढकललं की गाडी उजवीकडे जाते. डोक्याला हे लगेच पटतं, पण हाताला पटायला वेळ लागतो. दचकल्यावर हात जुनंच करतात. म्हणून रस्त्यावर येण्याआधी मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे घ्या, आधी मोठे, मग लहान. मैदानातच जोरात ब्रेक मारून बघा, एकदम हँडल फिरवून अडथळा चुकवण्याचा सराव करा. आतलं हँडल ओढणं आणि बाहेरचं ढकलणं हे न विचार करता व्हायला लागलं की मगच बाहेर पडा.

वेग वळणाच्या आधीच कमी करा. झुकता येत नाही म्हणून गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि वेग जास्त असेल तर आतलं मागचं चाक उचललं जातं. तुम्ही स्वतः आतल्या बाजूला, पुढे सरकून बसा. मागे कुणी बसलं असेल तर त्यालाही हे आधी सांगा. उतारावरचं आवळत जाणारं वळण सगळ्यात वाईट, कारण तिथे वजन पुढच्या एकाच चाकावर येतं.

पायांबद्दल मी दरवेळी आवाज चढवून सांगतो. थांबताना पाय खाली टेकवायची सवय मोडा. मागची चाकं तुमच्या पायांपेक्षा बाहेर असतात. गाडी किंचित पुढे सरकली तरी मागचं चाक टाचेवर, पोटरीवर चढतं. गाडी पूर्ण थांबून हँडब्रेक ओढेपर्यंत पाय फूटरेस्टवरच हवेत.

ब्रेकचा हिशोबही बदलतो. दुचाकीवर पुढचा ब्रेक मुख्य काम करतो. इथे बरंचसं वजन मागच्या दोन चाकांवर असतं, तेव्हा मागचा ब्रेक भरपूर आणि पुढचा सोबतीला, दोन्ही एकदम. खड्डे चुकवताना लक्षात ठेवा की चाकांच्या वाटा तीन आहेत. मोटारीसारखा खड्डा मधे घेता येत नाही, तिथे पुढचं चाक असतं. रस्ता कडेला उतरता असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. तो दोष नाही, तेवढा हलका विरोध हातात कायम धरावा लागतो. सपाट रस्त्यावर ओढत असेल तर मात्र आधी दोन्ही मागच्या टायरची हवा तपासा आणि मग दोरी लावून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या दोन्ही चाकांपर्यंतचं अंतर मोजा. फरक निघाला तर ॲक्सल तिरका बसला आहे.

आता निगा, आणि सुरुवात कोनसेटपासून. मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचर लावा, चेसीखाली जॅक देऊन पुढचं चाक अधांतरी करा. फोर्कची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवा. खटखट जाणवली तर कोनसेट सैल आहे. मग हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं, तर कोनसेटला घर पडलं आहे. आवळून उपयोग नाही, बदलावाच लागेल. बदलतानाच गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरचं बेअरिंग बसवून घ्या. आडवा जोर ते कितीतरी चांगला सोसतं.

हे इतकं सांगण्याचं कारण हँडलची थरथर. वेग कमी होत असताना, विशेषतः हात सैल सोडल्यावर, बऱ्याच ट्राइकचं हँडल डावी-उजवीकडे थरथरतं. लोक लगेच स्टिअरिंग डँपर, म्हणजे ही थरथर दाबणारा दांडा, आणून बसवतात. डँपर उपयोगी आहे, पण सैल कोनसेटवर बसवला तर तो दुखणं झाकतो. आधी पुढच्या टायरची हवा, मग चाकाचं बॅलन्सिंग, मग कोनसेट, आणि हे सगळं ठीक असूनही थरथर राहिली तर डँपर.

पुढचं चाक आऱ्यांचं असेल तर दर महिन्याला छोट्या पान्याने प्रत्येक आऱ्यावर हलकं टिचकवा. घट्ट आरा टणत्कारतो, सैल आरा बद्द वाजतो. दुचाकीवर जे आरे वर्षानुवर्षं हात न लावता चालतात, ते ट्राइकवर सैल होतात. आलॉय चाक असेल तर ही कटकट नाही.

किटचे बोल्ट हा माझा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय आहे. मूळ चेसी आणि नवा मागचा भाग जिथे जोडला जातो, विशेषतः पूर्वी मागचं चाक धरणारा चिमटा बसायचा त्या जागी, प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने किट बनवणाऱ्याने दिलेल्या मापानेच आवळा. मग नटावरून चेसीवर येईल अशी पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढा. नट थोडा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. गाडी धुताना डोळे फिरवले की तपासणी होते. वेल्डिंगचे जोड कपड्याने पुसून तिरप्या उजेडात बघा. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ दिसला, तर रंगाखाली धातूला तडा आहे असंच समजा आणि गाडी उभी करा. चाकांचे नट नव्याने बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटर चालवून पुन्हा मापाने आवळायचे असतात.

मागे मोटारीचे टायर असतात, पण गाडी मोटारीपेक्षा खूप हलकी. मोटारीइतकी हवा भरली तर टायर मधेच टेकतो, मधेच झिजतो आणि गाडी उडते. किटच्या पुस्तिकेतला आकडा घ्या आणि तो खडूने पडताळा: टायरवर आडवी जाड रेघ ओढा, सपाट जागी थोडं सरळ चालवा, उतरून बघा. मधलीच रेघ पुसली गेली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. पुढचा टायर कडांनी चौकोनी झिजत जातो, तो मागच्यांपेक्षा आधी बदलायची तयारी ठेवा.

डिफरेन्शिअलचं तेल आणि त्याच्या वर असलेली वाफेची बारीक नळी, दोन्ही बघा. ही नळी चिखलाने बुजली की आत दाब साठतो, तेल ऑइलसीलमधून बाहेर पडून ब्रेक लायनरवर जातं, आणि लोक बिचारे सीलच बदलत बसतात. गाडी मागून उचलताना जॅक ॲक्सलच्या नळीखाली द्या, डिफरेन्शिअलच्या पत्र्याच्या झाकणाखाली नाही. ट्राइकला बाजूचं स्टँड नसतं, म्हणून हँडब्रेकची केबल हीच तिची अँकर आहे. चढावर उभी करून ती महिन्यातून एकदा तपासा.

मागच्या टायरचा व्यास मूळ चाकापेक्षा लहान असेल आणि काटा गिअरबॉक्सवरून वेग मोजत असेल, तर तो खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो आणि इंजिनही त्याच वेगाला जास्त फिरतं. व्यास १० टक्क्यांनी कमी, तर काट्यावरच्या ६० ला खरा वेग ५४. चेनच्या गाडीत मागचं स्प्रॉकेट थोड्या कमी दातांचं घेतलं तर इंजिनचे फेरे बरेच जाग्यावर येतात.

गाडी कुणाला चालवायला देणार असाल, तर उलटं वाटेल पण जुन्या, सराईत मोटरसायकलवाल्याला जास्त जपून द्या. त्याचे हात आणि पाय दुचाकीचे आहेत. आधी त्याला इंजिन बंद ठेवून बसवा, हँडल वळवायला लावा, पाय कुठे ठेवायचे ते दाखवा, आणि मैदानातले ते आठच्या आकड्याचे फेरे तुमच्या समोर घेतल्याशिवाय त्याला फाटकाबाहेर सोडू नका.