लेकराचा अपघात आणि भरपाईचा दावा: या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक पहिल्या आठवड्यातच होते. लेकरू वॉर्डात असतं आणि गाडीमालक गावातली दोन वजनदार माणसं घेऊन येतो. "पोलीस केस कशाला करता, दवाखान्याचं मी बघतो." पाचशेच्या बाँडवर चार ओळी टाइप करून आणलेल्या असतात आणि त्यात एक ओळ हमखास असते: 'मुलगा अचानक आडवा आला, चालकाची काही चूक नाही.' बाप सही करतो, हातात थोडे पैसे पडतात. पुढं दुसरं ऑपरेशन निघतं, मालक फोन उचलत नाही. दावा लावला की विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तोच कागद समोर धरतो.

दावा चालू असताना अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाच्या वतीनं तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते, ती मुलाच्या हिताची आहे का हे तपासलं जातं. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाँडवर हे तपासणारं कुणी नसतं. मालकानं औषधाला पैसे दिले तर घ्या, पण चुकीची कबुली लिहून देऊ नका. गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई बहुतेक वेळा विमा कंपनी भरते, मालकाच्या खिशातून जात नाही. एवढं त्याला नीट समजावलं तरी गावकीतली निम्मी कटुता टळते.

दुसरी चूक केसपेपरवर होते. पोलिसांचं झंझट नको म्हणून कुणीतरी काका डॉक्टरांना सांगून टाकतो, "सायकलवरून पडला." तेच डिस्चार्ज कार्डावर उतरतं आणि पुढं गाडीच्या धडकेनंच मांडी मोडली हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. दाखल करतानाच रस्ता अपघात म्हणून सांगा, एमएलसी (पोलिसांना कळवायचा रुग्ण) अशी नोंद झाली का ते विचारा. पैशाची चिंता असेल तर 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार तिच्यात होतो.

फिर्याद उशिरा दिली म्हणून दावा बुडाला, असं मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगितलंय की केवळ उशिरामुळं दावा खोटा ठरत नाही, आणि ते प्रकरणही लहान मुलाचंच होतं. आई-बाप आधी लेकराकडं बघणार की ठाण्यात जाणार? फक्त उशिराचं कारण फिर्यादीतच लिहून घ्या.

मुदतीचं तसं नाही. 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली अपघातापासून 6 महिन्यांत दावा दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण त्या भरवशावर बसू नका. 'पोरगं सज्ञान होईपर्यंत वेळ आहे' हा गावातला सल्लाही ऐकू नका. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडं, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाकडं पाठवायचा असतो. तो गेला का, हे तपासी अंमलदाराकडं जाऊन विचारा आणि प्रत मागा.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं वेगळंच होतं. अपघात कोल्हापूरकडं झाला, पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला, कोयता घेऊन माणसं बीडकडं धारूर-पाटोद्याला परत आली आणि 'तिकडं कोण चकरा मारणार' म्हणून विषय सोडून दिला. त्याची गरज नाही. अर्जदार राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो, म्हणजे बीडचा माणूस बीडलाच. लेकरू ट्रॉलीत बसलेलं असताना पडलं असेल तर विमा कंपनी अंग काढून घ्यायला बघते. अशा वेळी ट्रॅक्टरमालकाला प्रतिवादी करायला विसरू नका. बापाच्या मोटारसायकलवर तिघं होते म्हणून लेकराचा हक्क जात नाही. ट्रिपल सीट म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे, हे 2020 च्या निकालात आलेलं आहे.

आता रकमेचं. 'लेकरू कमवत नाही, त्याचं काय नुकसान धरणार?' असं खुद्द नातेवाईकच म्हणतात, आणि दोन लाख मागून मोकळे होतात. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या अपंगत्वासाठी टप्पे दिले: 10 टक्क्यांपर्यंत 1 लाख, 30 पर्यंत 3 लाख, 60 पर्यंत 4 लाख, 90 पर्यंत 5 लाख आणि त्यापुढं 6 लाख. उपचार आणि सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च यात नाही, तो वेगळा. 2020 मध्ये हरियाणातल्या 12 वर्षांच्या, पूर्ण परावलंबी झालेल्या मुलीला न्यायालयानं 62 लाख 27 हजार दिले. तिची कमाई कुशल कामगाराच्या किमान वेतनानं धरली. दोन मदतनीसांचे दरमहा 5-5 हजार, 18 च्या गुणकानं (वयावरून धरलेली वर्षं), हेच 21 लाख 60 हजार झाले. म्हणून लेकरासाठी आईनं मजुरी सोडली असेल तर तेही अर्जात लिहा. मुलाला सांभाळणं ही फुकटची गोष्ट धरू नका.

अपंगत्वाचा दाखला घाईनं काढू नका. वाढत्या वयात हाडाच्या वाढीच्या टोकाला मार बसला तर पाय आखूड राहिल्याचं वर्षा-दोन वर्षांनी दिसतं. दावा वेळेत लावा. टक्का मात्र इलाज स्थिरावल्यावर, जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी मोजून घ्या. दाखला नुसता जोडून भागत नाही, विमा कंपनीनं हरकत घेतली की डॉक्टरांना साक्षीला आणावं लागतं. टक्का त्या पायाचा आहे की सगळ्या शरीराचा, हेही विचारून ठेवा. सगळ्या शरीराचा टक्का पायाच्या टक्क्यापेक्षा कमी भरतो, रक्कम तिथंच निम्मी होते.

गाडीच सापडली नाही तर? तरी हात हलवत परत येऊ नका. अज्ञात वाहनाच्या धडकेत गंभीर दुखापत झाली तर 50 हजार मिळतात, अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात जातो.

मंजूर झालेली रक्कम बहुधा मुलाच्या नावानं मुदत ठेवीत जाते आणि घरचे वकिलावर चिडतात. मधे ऑपरेशन निघालं तर रुग्णालयाचं अंदाजपत्रक जोडून न्यायाधिकरणाकडं अर्ज करा, लागेल तेवढी रक्कम काढता येते.