स्पर्धेसाठी स्टँडर्ड ग्लायडर निवडताय? या चुका टाळा

पुण्याला हडपसरच्या धावपट्टीवर ग्लायडिंग (बिनइंजिनाचं विमान उडवणं) शिकलेली मुंबईची मंडळी एकत्र जमली आणि स्पर्धेचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ग्लाइड रेशो किती?" म्हणजे एक मीटर खाली येताना ग्लायडर किती मीटर पुढे जातं. निवड बहुतेक वेळा इथेच चुकते.

एलएस-४ या ग्लायडरचा रेशो साधारण ४०, त्याच्यापेक्षा सरस एलएस-८चा ४३ च्या आसपास. म्हणजे हजार मीटर उंचीवरून शांत हवेत तीन किलोमीटरचा फरक. उलट एका मरगळलेल्या थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात) तुम्ही पाच मिनिटं वाया घालवलीत, तर ताशी १०० च्या सरासरीनं आठ किलोमीटर गेले. शिवाय हा रेशो ताशी शंभरच्या आसपासचा. शर्यतीत दोन थर्मलच्या मधे दीडशेनं जावं लागतं, म्हणून पोलर आलेखावर (कोणत्या वेगाला ग्लायडर किती खाली येतं ते दाखवणाऱ्या) १५० ला ग्लायडर किती वेगानं खाली येतं ते बघा.

दुसरी चूक पैसे भरल्यावर कळते. पंख टोकापासून टोकापर्यंत १५ मीटर, म्हणजे स्टँडर्ड क्लास (स्पर्धेतला एक गट) असं नाही. या क्लासमध्ये फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे वर-खाली होणारे भाग) चालत नाहीत आणि एकूण वजन ५२५ किलोच्या आत लागतं. एएसडब्ल्यू-२० चे पंखही १५ मीटरचेच, पण त्याला फ्लॅप आहेत, त्यामुळे ते इथे बसत नाही. बजेट कमी असेल तर स्टँडर्ड सिरस हे जुनं ग्लायडर घेऊन हँडिकॅपवर (ग्लायडरच्या क्षमतेनुसार गुण जुळवून) चालणाऱ्या क्लब क्लासमध्ये उतरा. तिथे वॉटर बॅलास्टला (वेग वाढवायला पंखांत भरायच्या पाण्याला) परवानगी नाही, तेव्हा त्यावर खर्च करू नका. मात्र सिरसचं मागचं आडवं शेपूट अख्खं हलतं, स्टिक (ग्लायडर चालवायचा दांडा) फार हलकी लागते. नवख्यानं एलएस-४च घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांना एकच ग्लायडर देण्याचा प्रयोगही झाला, पीडब्ल्यू-५ वर. पण त्याचा रेशो जेमतेम ३३, वेगाच्या ओढीनं पायलट तिकडे फारसे फिरकले नाहीत.

वजनाकडे तर कुणी बघतच नाही. कॉकपिटमधल्या पाटीवर सीटवरचं किमान वजन लिहिलेलं असतं, बऱ्याचदा ७० किलोच्या आसपास. तुम्ही पॅराशूटसकट त्याहून हलके असाल तर गुरुत्वमध्य मागे सरकतो, नाक अस्थिर होतं आणि स्पिनमधून (गिरक्या घेत खाली येण्यातून) बाहेर पडणं अवघड जातं. ट्रिम (स्टिक न ओढता ठरलेला वेग राखणारी सोय) नीट लागत नसेल तर डिझाइनला नावं ठेवण्याआधी वजनाचा कागद काढा आणि शिशाची वजनं पक्की बसवा.

पाणी भरल्यावर एक पंख सतत खाली झुकतोय? दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह आणि टाक्या तपासा. हवेत पाणी एकाच बाजूनं सुटलं तर दुसरी बाजूही पूर्ण रिकामी करून बघा, आणि ती रिकामी होत नसेल तर उतरताना वेग जास्त ठेवा.

जुन्या ग्लायडरमध्ये पंख जोडल्यावर एलेरॉन (पंखावरचा, ग्लायडर कलवणारा भाग), एअरब्रेक आणि एलेव्हेटर (शेपटावरचा, नाक वर-खाली करणारा भाग) यांचे सांधे हातानं जोडावे लागतात. घेण्याआधी हे सांधे स्वतः उघडून, जोडून बघा. जोडल्यावर एकानं बाहेरून पृष्ठभाग घट्ट धरायचा, दुसऱ्यानं आत स्टिक हलवायची. एलेव्हेटर न जोडता उड्डाण केल्यानं माणसं गेलेली आहेत.

आणि ग्लायडर सुटं करून ठेवायचा ट्रेलर मुंबईत ठेवायच्या भानगडीत पडू नका. तो नऊ-एक मीटर लांब असतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावत नाही, आणि पावसाळ्याची दमट हवा पंख जोडायच्या पिनांना गंज चढवते. घाटावर कोरडी, बंदिस्त जागा भाड्यानं घ्या आणि ते भाडं पहिल्यापासून हिशेबात धरा.